मापात ताण नको
(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



इतवारीत कापडाचा व्यापार करण्यात माझी चाळीस वर्षे गेली. कापड ताणून मोजले की मापात अधिक भरते. पण पहिल्याच धुलाईत ते आकसते आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो. दुकानात हा नियम मी कसोशीने पाळला. घरात मात्र पाळला नाही.

धाकटा मुलगा दहावीत असताना गिऱ्हाइकांदेखत मी त्याची चुलतभावाच्या गुणांशी तुलना करीत असे. पूर्वपरीक्षेनंतर तो अबोल झाला, जेवण तुटले, रात्र-रात्र जागू लागला. मी त्यालाच परिश्रम समजून कौतुक करीत राहिलो. एके रात्री तो गच्चीवर एकटा रडताना त्याच्या आईला दिसला. "बाबांना तोंड कसे दाखवू?" एवढेच तो म्हणाला. त्याला भय परीक्षेचे नव्हते, माझे होते.

विद्यार्थी मित्रांनो, ताण येणे हा दोष नव्हे. परीक्षेपूर्वीची थोडी धडधड अभ्यासाला प्रवृत्तही करते. तो ताण ओसरण्याची साधने आपल्या घरातच आहेत. सामायिक म्हणजे एक मुहूर्त, अर्थात ४८ मिनिटे समभावात बसणे. तेवढे न साधल्यास अभ्यासापूर्वी दहा मिनिटे कायोत्सर्ग करावा. पायाच्या बोटांपासून मस्तकापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा व संथ श्वासाकडे लक्ष द्यावे. आचार्य महाप्रज्ञ यांच्या प्रेक्षाध्यानातही कायोत्सर्गाला महत्त्वाचे स्थान आहे. प्रतिक्रमण म्हणजे चुकीपासून मागे फिरणे, स्वतःला दूषणे देत बसणे नव्हे. चुकलेले गणित रात्री तपासावे, कोठे चुकले ते लिहावे आणि वही मिटावी. आम्ही व्यापारीही रोजमेळ लिहून झाला की पेटी बंद करतो. त्यानंतर झोपावे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. वाचलेले झोपेतच पक्के होते.

पालकहो, शिकवणीमुळे मुलांना रोज सूर्यास्तापूर्वी भोजन शक्य नसेल, तर निदान रविवारी सर्वांनी एकत्र जेवावे आणि त्या पंगतीत गुणांचा विषय काढू नये. अपयश आले तरी वाटा बंद होत नाहीत. २०१५ साली राज्य मंडळाने दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांची फेरपरीक्षा जुलैतच घेण्यास प्रारंभ केला, तो वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच. मात्र झोप, भूक व बोलणे दोन-दोन आठवडे हरवले, किंवा "जगून काय करू" असा शब्द निघाला, तर केवळ धर्मोपदेशावर विसंबू नये. त्वरित मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे अहोरात्र मराठीतही बोलता येते. ज्वर आला तर आपण वैद्य गाठतो. मनाच्या दुखण्याची लाज का बाळगावी?

शेवटी एक विनंती ट्रस्टला. आपल्या गुणगौरव समारंभात मीही अनेक वर्षे पारितोषिके दिली. मागच्या रांगेतील मुलांचे चेहरे मात्र कधी पाहिले नाहीत. या सुवर्ण महोत्सवी वर्षापासून उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला व्यासपीठावर बोलवावे, आणि जानेवारी ते मार्च दर रविवारी आपल्या सभागृहात एक समुपदेशक बसवावा. त्याचा पहिल्या वर्षाचा खर्च मी आनंदाने उचलीन.

त्या वर्षीच्या क्षमापनेला मी मुलासमोर हात जोडून "मिच्छामि दुक्कडं" म्हटले. तो गोंधळला, मग हसला. कित्येक महिन्यांनी त्याचे ते हसू मी पाहत होतो.

जय जिनेंद्र!