स्त्रियांची सुरक्षितता आणि नोंदवहीचे उत्तरदायित्व
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या या मंगल प्रसंगी साहित्याविषयी किंवा ग्रंथांविषयी काही ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज एका रूक्ष वाटणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे. स्त्रियांच्या शांततेसाठी व सुरक्षिततेसाठी जे उपक्रम चालतात, त्यांवर देखरेख कोणी व कशी ठेवावी, आणि त्यांचे अहवाल कसे लिहावेत, हा तो विषय होय. ज्या संस्थेने शंभर वर्षे पुस्तकांची आवकजावक, सभासदांची वर्गणी आणि वाचकांच्या तक्रारी वहीत इमानाने टिपून ठेवल्या, तिला नोंदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. नोंद नसली की वस्तू असूनही नसल्यासारखी होते, हे ग्रंथपालाइतके कोणास ठाऊक असणार?

प्रथम थोडी जागतिक पार्श्वभूमी. ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव संमत केला. युद्धाची झळ स्त्रियांना सर्वाधिक पोचते, परंतु तहाच्या बैठकीत त्यांना जागा नसते, ही विसंगती त्या ठरावाने जगापुढे मांडली. ठराव उत्तम होता, पण त्याची अंमलबजावणी झाली की नाही हे पाहण्याचे साधनच नव्हते. २००९ च्या १८८९ क्रमांकाच्या ठरावाने तसे साधन मागितले आणि २०१० मध्ये २६ निर्देशक सिद्ध झाले. म्हणजे शब्द दिल्यानंतर तो पाळला की नाही हे मोजण्याची रीत ठरण्यास दहा वर्षे लागली. भारताने २००७ साली लायबेरियात केवळ महिलांचे पोलीस पथक शांतिकार्यासाठी पाठविले. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील ते अशा प्रकारचे पहिलेच पथक होते. ही अभिमानाची गोष्ट खरीच. तथापि दूरदेशी शांतता राखणाऱ्या या देशातील एखाद्या लहान गावी स्त्रीची सुरक्षितता कशी मोजावी, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

म्हणून आपण भरवेलीकडे वळू. बालाघाट शहराला लागून असलेले हे खाणीचे गाव. येथील मँगनीजची भूमिगत खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते, आणि तिचा कारभार पाहणाऱ्या कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही या मुलखाची राजधानीच होती. त्यामुळे येथील घरांतून हिंदीबरोबर मराठी आणि पोवारी आजही कानी पडते, आणि जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात गोंडी बोलली जाते.

खाणकामातील स्त्रीचा इतिहास हा सुरक्षिततेच्या नावाखाली तिच्याविषयी, पण तिला न विचारता, घेतलेल्या निर्णयांचा इतिहास आहे. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांना भूमिगत कामातून क्रमाक्रमाने दूर करण्यास आरंभ झाला. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची निकड भासताच १९४३ मध्ये कोळसा खाणींतील ती बंदी उठविण्यात आली. त्यावर मध्यवर्ती कायदेमंडळात कडक टीका झाली. त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली आणि १९५२ च्या खाण कायद्याने ती कायम केली. २०१९ साली केंद्र शासनाने काही अटींवर सूट दिली. स्त्रीची लेखी संमती हवी, एका पाळीत किमान तीन स्त्रिया हव्यात, भूमिगत काम तांत्रिक, पर्यवेक्षणाचे अथवा व्यवस्थापकीय हवे आणि तेही सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच, अशा त्या अटी होत्या. जमिनीवरच्या कामात रात्रपाळीचीही मुभा मिळाली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता अमलात आली, तिनेही स्त्रीच्या संमतीची अट राखून ही वाट मोकळी ठेवली.

आता देखरेख करणाऱ्याने काय पाहावे? संमतीचा कागद फायलीत आहे, पाळीत तीन नावे आहेत, एवढे पाहून तो बरोबरची खूण करू शकेल. परंतु संमती देणारीला नकार देण्याची मोकळीक होती काय? पाळी संपल्यावर ती घरी कशाने गेली? वाटेवरचा दिवा लागतो काय? ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच्याच हाती हजेरीपट आहे काय? या प्रश्नांची उत्तरे फायलीत सापडत नाहीत. ती त्या स्त्रीकडेच असतात, आणि तिला कोणी विचारीत नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती नेमावयाची, आणि वर्षाला किती तक्रारी आल्या व किती निकालात निघाल्या याचा अहवाल द्यावयाचा, असे त्याने ठरविले. देशभरातील कितीतरी अहवालांत तक्रारींच्या रकान्यात शून्य असते. या शून्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, तेथे सारे आलबेल आहे. दुसरा, तेथे तोंड उघडण्याची सोय नाही. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. व्यवहारात ते शहाणपण असेल, पण स्त्रीच्या सुरक्षिततेच्या बाबतीत झाकलेल्या मुठीची किंमत तिलाच मोजावी लागते.

हे अनुमान हवेतले नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितल्याचे आढळले. ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलेही नाही. अशा समाजात ठाण्यातील गुन्ह्यांचा आकडा घटला म्हणून कोणी पाठ थोपटून घेऊ लागला, तर सावधपणे विचारावे लागते की गुन्हे घटले, की विश्वास घटला?

या प्रश्नाची शास्त्रीय तपासणी मध्य प्रदेशातच झाली, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. राज्यातील १८० पोलीस ठाणी अभ्यासासाठी निवडली गेली. काही ठाण्यांत स्त्रियांसाठी स्वतंत्र साहाय्य कक्ष उघडले, त्यांतील काही कक्ष महिला अधिकाऱ्यांकडे सोपविले, आणि काही ठाणी तुलनेसाठी होती तशीच ठेवली. या ठाण्यांच्या हद्दीत सुमारे २ कोटी ३४ लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे कक्ष उघडले तेथे स्त्रियांवरील अत्याचारांची नोंद वाढली, आणि महिला अधिकारी असलेल्या कक्षांत ती विशेष वाढली. वरवर पाहणाऱ्यास वाटेल की गुन्हेगारी वाढली. वास्तविक वाढली होती ती दखल. त्याच अभ्यासाने असेही नमूद केले की अटकांच्या प्रमाणात मात्र फरक दिसून आला नाही. जे साधले तेही लिहिले, जे साधले नाही तेही लिहिले. अहवाल असा असावा. राज्यात 'ऊर्जा' या नावाने हे कक्ष पुढे शेकडो ठाण्यांत उघडले, त्यामागे असा तपासलेला अनुभव होता.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे अधिक जुनी आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली पोलीस आयुक्तालयातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. गणवेश नसलेली प्रशिक्षित समाजसेविका पोलिसांच्याच आवारात बसून पीडित स्त्रीचे म्हणणे ऐकून घेते, ही त्या काळी अपूर्व कल्पना होती. पुढे हे कक्ष महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले.

त्याही आधीचे एक उदाहरण आपल्या वैनगंगेच्याच खोऱ्यातले आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्या निर्णयातील एक कारण होते. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निकालपत्र ओळीओळीने वाचून, भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यासही त्याच दुरुस्तीने मनाई केली. एका नोंदीचे नीट वाचन केल्याने एवढे घडू शकते, हे ग्रंथप्रेमींनी विसरू नये.

बालाघाटच्या जंगलपट्ट्याने सशस्त्र संघर्षही पाहिला. १९९९ च्या डिसेंबरात राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी हत्या केली. अशा काळात शासनाचे अहवाल चकमकी, शरणागती आणि जप्त शस्त्रे मोजतात, आणि ते मोजलेच पाहिजे. पण तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे रानात जाणाऱ्या बाईची शांतता निराळ्या मापाने मोजावी लागते. ती निर्धास्तपणे बाजाराला जाते काय, मुलगी शाळेत टिकली काय, रात्री दार वाजले तर ती कोणाला हाक मारू शकते, या गोष्टी कोणत्या तक्त्यात बसवावयाच्या? बसत नसतील तर तक्ता बदलावयास हवा.

या साऱ्यातून मला चार नियम सुचतात. पहिला, उपक्रम सुरू होण्यापूर्वीची स्थिती लिहून ठेवावी. आरंभच ठाऊक नसेल तर प्रगती सांगता येत नाही. दुसरा, किती मेळावे भरले आणि किती पत्रके वाटली यावर अहवाल संपवू नये. तक्रार आल्यापासून दिलासा मिळेपर्यंत किती दिवस गेले, आणि सहा महिन्यांनी ती स्त्री कोणत्या स्थितीत आहे, हे लिहावे. तिसरा, नोंद करताना तिची ओळख झाकावी. लहान गावात नाव गाळूनही आळी, वय आणि नवऱ्याचा धंदा लिहिला की सारे उघड होते. मग मदतीसाठी लिहिलेला कागदच तिच्या जिवावर उठतो. झाकली मूठ शोभते ती इथे. चौथा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अहवाल वरच्या कार्यालयात पाठविण्यापूर्वी ज्यांच्याविषयी तो आहे, त्या स्त्रियांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. भरवेलीसारख्या गावी तो हिंदीत, मराठीत, पोवारीत समजावून सांगावा लागेल. त्यांनी 'हे असे नाही' म्हटले, तर ते 'नाही' अहवालात उतरले पाहिजे. एरवी सारे कागदी घोडे.

यात ग्रंथालयाने काय करावे, असे आपण विचाराल. माझी मागणी मोठी नाही. सर्वेक्षणांचे निष्कर्ष, कायद्यांची सुलभ मराठी रूपांतरे, समित्यांचे प्रसिद्ध झालेले वार्षिक अहवाल यांच्यासाठी एक कपाट राखून ठेवावे. ते कुलूपबंद नसावे. आठवड्यातून एक दुपार अशी असावी की अक्षरओळख बेताची असलेल्या बाईलाही ते कागद कोणी वाचून दाखवील. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज कसा लिहावा, हे येथील एखादा जुना सभासद सहज शिकवू शकेल. देखरेख हा केवळ अधिकाऱ्यांचा मक्ता नाही. वाचता येणाऱ्या प्रत्येकाचे ते कर्तव्य आहे.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय उभारले, त्यांनी ज्ञान सर्वांच्या हाती पडावे एवढीच इच्छा धरली. आपल्या गावातील स्त्री किती सुरक्षित आहे, हेही ज्ञानच आहे. ते तिच्याच तोंडून ऐकावे, जपून लिहावे आणि लिहिले ते तिला परत वाचून दाखवावे, ही विनंती करून आणि ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास शुभेच्छा देऊन मी आपली रजा मागतो.