गिरण्यांच्या शहराचा वाद्यवृंद

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीच्या मांडवासमोर रंगणारा हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. आज मी बोलणार आहे तो ऑर्केस्ट्रा वेगळा. सत्तर-ऐंशी वादक, प्रत्येकापुढे स्वरलिपीचे कागद आणि समोर हातात बारीक काठी घेतलेला संचालक, असा हा पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्रा. तो राजधानीच्या शहरांत असतो आणि पैसेवाल्यांसाठी वाजतो, अशी आपली समजूत असते. ती सगळीच चुकीची आहे असंही नाही. पण इंग्लंडच्या उत्तरेला मँचेस्टर हे गिरण्यांमुळे वाढलेलं शहर आहे आणि तिथला हॅले ऑर्केस्ट्रा १८५८ पासून त्या शहराशी संसार करतो आहे. इतकं खर्चिक बिऱ्हाड एखादं शहर कशासाठी सांभाळतं, हे बघायचं तर हॅलेकडे बघावं.

मँचेस्टर म्हणजे कापूस. मुंबईच्या गिरण्यांत बसवलेली यंत्रंसुद्धा बरीचशी त्याच लँकेशायर भागातून आलेली. या व्यापारासाठी अनेक जर्मन व्यापारी मँचेस्टरला स्थायिक झाले होते आणि त्यांना संगीताची आवड होती. चार्ल्स हॅले हे मूळचे जर्मन पियानोवादक. पॅरिसमध्ये त्यांचं चांगलं बस्तान बसलं होतं, पण १८४८ च्या क्रांतीनं ते उठलं आणि ते इंग्लंडला आले. १८५७ मध्ये मँचेस्टरला एक प्रचंड कलाप्रदर्शन भरलं. तिथे वाजवण्यासाठी हॅले यांनी मोठा वाद्यवृंद उभा केला. प्रदर्शन संपलं, आता हे वादक पांगणार, ही कल्पना त्यांना सहन होईना. म्हणून त्यांनी स्वतःच्या जोखमीवर फ्री ट्रेड हॉल या सभागृहात कार्यक्रम सुरू केले. पहिला कार्यक्रम झाला ३० जानेवारी १८५८ रोजी.

पहिल्या हंगामात तीस कार्यक्रम झाले. हिशेब झाल्यावर व्यवस्थापकांनी हॅले यांच्या हाती नफा ठेवला: तीन पेन्सची दहा कोरी नाणी. म्हणजे कार्यक्रमामागे एक पेनी! हॅले यांनी आत्मचरित्रात ही हकिगत मोठ्या मजेनं सांगितली आहे. एवढ्या नफ्यावर दुसरा कुणी दुकान बंद करता. हॅले मात्र चालवत राहिले, आणि कमी पैशांत बसता येईल अशा जागा त्यांनी पहिल्यापासून राखून ठेवल्या. त्याच वर्षी ऑर्केस्ट्राच्या जोडीला गायकवृंदही उभा राहिला. तो हौशी गाणाऱ्यांचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्या घरातलं कुणीतरी मंचावर उभं राहून गातं, त्या घरांना तो कार्यक्रम परका राहत नाही.

हे नातं किती मुरलं होतं, ते दुसऱ्या महायुद्धात दिसलं. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात फ्री ट्रेड हॉल उद्ध्वस्त झाला आणि ऑर्केस्ट्रा बेघर झाला. मग कार्यक्रम मिळेल त्या जागी. बेल व्ह्यू नावाच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात सर्कशीचे खेळ होत अशी मोठी वास्तू होती, तिथेही कार्यक्रम होऊ लागले.

१९४३ मध्ये जॉन बार्बिरोली हे नामवंत संचालक न्यूयॉर्कचा वाद्यवृंद सोडून मँचेस्टरला आले. आल्यावर बघतात तो काय, वादक उरले होते तीसच्या आसपास! तरुण मंडळी लष्करात गेलेली आणि काही वादक बीबीसीच्या वाद्यवृंदातही वाजवत, ती व्यवस्था संपलेली. पहिला कार्यक्रम तर महिन्यावर आलेला. बार्बिरोलींनी दिवसचे दिवस बसून मिळेल त्याची परीक्षा घेतली. मुख्य बासरीवादक म्हणून शाळेत जाणारा एक मुलगा निवडला. हॉर्न वाजवायला एक शिक्षिका मिळाली. पितळी वाद्यांसाठी आसपासच्या ब्रास बँडमधली आणि लष्करी बँडमधली माणसं आली. (कामगार वस्त्यांत असे बँड असण्याची उत्तर इंग्लंडात जुनी परंपरा आहे.) ५ जुलै १९४३ रोजी ब्रॅडफर्डला हा नवा हॅले ऑर्केस्ट्रा वाजला, आणि तो उत्तम वाजला. वादक बाहेरून आणायची सोय नव्हती, तेव्हा त्या मुलखातल्याच माणसांतून तो पुन्हा उभा राहिला. बार्बिरोलींना पुढे लंडनहून बोलावणी आली, पण १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हॅलेशी नातं तोडलं नाही.

याच बार्बिरोलींच्या हाताखाली १९५० च्या दशकात आपल्या मुंबईचा एक व्हायोलिनवादक वाजवत होता. मेहली मेहता. झुबिन मेहतांचे वडील. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. पारशी हौशी वादक, पोटासाठी चित्रपटांत वाजवणारे गोव्याचे कसबी वादक, नौदलाच्या बँडमधली माणसं, अशी मोट बांधून त्यांनी तो चालवला. गुणी माणसांची वाण मुंबईत नव्हती, आजही नाही. पण तो वाद्यवृंद एका माणसाच्या खांद्यावर होता. त्याला पगार देणारी संस्था मागे उभी नव्हती. १९५५ च्या सुमारास मेहली मेहता इंग्लंडला गेले, तिथून पुढे अमेरिकेला. मुंबईला व्यावसायिक वाद्यवृंद मिळायला २००६ साल उजाडलं. एनसीपीएमध्ये 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन झाला तेव्हा.

मग मँचेस्टरला सगळं सुखानं चाललं का? अजिबात नाही. कापडाचा धंदा बसला, गिरण्या बंद पडल्या. १९९६ मध्ये ऑर्केस्ट्राला ब्रिजवॉटर हॉल हे नवं, देखणं सभागृह मिळालं आणि दोनच वर्षांत कर्ज इतकं चढलं की तो बंद पडायच्या बेतात आला. सुमारे तेरा लाख पौंडांची तूट! सरकारी अनुदानही थांबतं की काय, अशी वेळ. तेव्हा लोकांकडे हात पसरले गेले आणि लोकांनी वीस लाख पौंड दिले. दुसरीकडे वादकांची संख्या अठ्ठ्याण्णववरून ऐंशीवर आणली गेली. अठरा जागा गेल्या, हे विसरून ही गोष्ट सांगू नये. बचावाची किंमत वादकांनी मोजली. २००० मध्ये मार्क एल्डर संचालक झाले, २०२४ पर्यंत राहिले, आणि त्यांच्या काळात हॅलेनं गेलेली पत परत मिळवली.

लोकांनी इतके पैसे का दिले असतील? ते सगळे काही दर आठवड्याला बेथोव्हेन ऐकायला जाणारे नव्हते. माझ्या मते उत्तर सभागृहाच्या बाहेर आहे. मँचेस्टरच्या अँकोट्स या जुन्या गिरणी वस्तीत सेंट पीटर्स नावाचं चर्च आहे. गिरणी कामगारांसाठी बांधलेलं, १९६० मध्ये बंद झालेलं, मग कित्येक वर्षं पडीक. ते दुरुस्त करून २०१३ पासून हॅलेच्या तालमी तिथे होऊ लागल्या, २०१९ मध्ये शेजारी जोडइमारतही झाली. तिथेच अँकोट्समधल्या रहिवाशांचा गायकवृंद गातो; त्यात शिरायला आवाजाची परीक्षा द्यावी लागत नाही. मुलांचा गायकवृंद वेगळा, तरुणांचा वेगळा, शिवाय तरुणांचा स्वतंत्र ऑर्केस्ट्राही आहे. ऑर्केस्ट्राचे वादक शाळांमध्ये जातात. सिंफनी वाजवण्यासाठी आयुष्यभर रियाज केलेल्या माणसानं नवशिक्या मुलांसमोर बसावं का, असा प्रश्न काहीजण विचारतात. बसावं, असं मला वाटतं. पण त्या कामाचा वेगळा मोबदला आणि वेळ मिळावा. वादकाच्या उत्साहावर ते लोटू नये.

'कम अँड प्ले' नावाचा त्यांचा एक उपक्रम आहे. शाळेत नुकतंच वाद्य हाती धरलेली मुलं त्यात भाग घेतात. त्यांना जमतील असे सोपे भाग मुद्दाम तयार केलेले असतात. ते आपापल्या वर्गात बसवायचे, आणि ठरलेल्या दिवशी शिक्षकांबरोबर ब्रिजवॉटर हॉल गाठायचा. हॅलेचे वादक आपली वाद्यं लावून तयार असतात. मुलं त्यांच्याबरोबर वाजवतात, आणि त्या दिवशी ऐकायला आलेले असतात ते त्यांचे आई-वडील, आजी-आजोबा.