कुणालाच नको असलेलं गाणं

आज मी एका सुताराबद्दल बोलणार आहे. वॉल्टर पार्डन. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफकमध्ये नॅप्टन नावाचं खेडं आहे. १९१४ साली ते तिथेच जन्मले. लग्न केलं नाही. सुतारकाम करत राहिले, राहिले घरच्याच जुन्या घरात.

आईकडची माणसं गाणारी. नाताळात सगळे जमायचे आणि गाणी व्हायची. पण रिवाज कडक : ज्याचं गाणं त्यानंच म्हणायचं. वॉल्टर धाकटे. त्यांच्या वाट्याला 'द डार्क-आइड सेलर' आलं, का, तर ते दुसऱ्या कुणालाच नको होतं! बाकीची गाणी ते मुख्यतः बिलीमामांकडून शिकले. बिली गी शेतमजूर. त्यांच्याकडे ती वडिलांकडून आलेली.

१९४२ साली मामा वारले. हळूहळू त्या बैठकीही संपल्या. बरोबरीच्या पोरांना नव्या चालींचं वेड. गाणी येतात, पण ऐकणारा कुणी नाही, अशा वेळी माणूस काय करतो?

वॉल्टरनी शब्द वहीत उतरवले. चाली विसरू नयेत म्हणून घरात एकटेच मेलोडियन वाजवत बसायचे. हे वाद्य आपल्या पेटीचं चुलत भावंडच. पण त्यात एक गंमत आहे : बटण तेच, मात्र भाता ओढला की एक स्वर निघतो आणि दाबला की दुसरा. वॉल्टर सांगायचे, जुनी चाल भाता ओढलेला असताना संपते, नवी संपते तो दाबलेला असताना. जुन्या गाण्यांची स्वरसप्तकंच वेगळी. पंडित त्यावर पानंच्या पानं लिहितात. या माणसाला ते हाताला कळलं होतं. मला विचाराल तर तीस वर्षं एकट्यानं केलेला हा रियाजच होता, नाव कुणी दिलं नाही इतकंच.

मग नात्यातल्या एका तरुणानं आग्रह केला, तेव्हा त्यांनी टेपवर गाणी भरली. ती टेप गायक पीटर बेलमी यांच्यापर्यंत पोचली आणि १९७५ साली 'अ प्रॉपर सॉर्ट' ही पहिली रेकॉर्ड निघाली. तेव्हा वॉल्टर साठीला आले होते. पुढे अमेरिकेतही गाऊन आले. १९९६ साली गेले.

ऐकाल तेव्हा थोडा धीर धरा. साथीला वाद्य नाही, आवाजात नाटक नाही. पहिल्यांदा मलाही कोरडंच वाटलं होतं. दुसऱ्या खेपेला शब्दांकडे लक्ष गेलं आणि तिसऱ्या खेपेला मी हातातलं काम बाजूला ठेवलं.