सेलवरचा मोठा आकडा आणि मामाचा टॉर्च

हेडफोन लावून कोणी बडनेऱ्याच्या गाडीत बसलं असेल, कोणी मूर्तिजापूरच्या स्टँडवर उभं असेल, कोणी अकोल्यात कूलरसमोर आडवं पडलं असेल. सगळ्यांना रामराम. नेहमीसारखंच, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी आजचं बोलणं इथे लिहून टाकतोय.

आजचा विषय एका प्रश्नावरून निघाला. अमरावतीतल्या एका कॉलेजच्या पोट्ट्याने व्हॉइस नोट पाठवली. “दादा, माझ्या व्हेपसाठी हाय-ड्रेन सेल पाहिजे. एका ठिकाणी ९९०० एमएएचचा स्वस्तात भेटून राह्यला. घेऊ का?”

पहिलं उत्तर एका शब्दाचं आहे. नको.

आता कारण सांगतो, आणि ते भाषणासारखं नाही सांगत. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. सप्टेंबरमध्ये अध्यादेश आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, आयात करणं, विकणं, जाहिरात करणं, विक्रीसाठी साठा करणं, सगळं बंद. बनवणं, आयात, विक्री, जाहिरात यांच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुझ्या हातात जी वस्तू आहे तिचं बिल नाही, गॅरंटी नाही, ती कोणी तपासलेली नाही. आतल्या निकोटीनचं व्यसन लागतं ते वेगळंच. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा उपकरणाचा स्फोट होऊन माणसं गेलीयत. ती वस्तू तोंडासमोर धरायची असते, हे विसरू नको.

पण प्रश्न इथे संपत नाही. कारण जो सेल तू विचारतोयस, तोच सेल आपल्या घराघरात आहे. मामाच्या टॉर्चमध्ये आहे, सुताराच्या ड्रिलमध्ये आहे, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत आहे. नाव १८६५०. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. दिसायला पेन्सिल सेलचा मोठा भाऊ, पण स्वभाव एकदम वेगळा. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. चूक करून शिकलो.

मामाचं वावर अकोट तालुक्यात आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर कृषिपंपाची लाइन कधी दिवसा, कधी रातची. रातची पाळी असली की बारा-एकला उठायचं, अंधारात विहिरीपर्यंत जायचं, स्प्रिंकलरचे पाईप हलवायचे. सापाकिरड्याची भीती, रानडुकराची भीती. म्हणून मी एका दुकानातून मामासाठी मस्त टॉर्च घेतला आणि सोबत जास्तीचा सेल. सेलवर मोठ्या अक्षरात ९९०० एमएएच लिहिलेलं. मला वाटलं, मामा आता रातभर राजा!

तिसऱ्या रात्री टॉर्च वावराच्या मधोमध बंद पडला. मामा मोबाइलच्या उजेडात घरी आला. सकाळी त्याने टॉर्च चार्जिंगला लावला. कुठे? मागच्या खोलीत. आणि त्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेला. तासाभराने मामीला जळका वास आला. टॉर्च हाताला सोसवत नव्हता इतका तापलेला. मामाने बटण बंद केलं आणि फडक्यात धरून टॉर्च अंगणातल्या हौदात फेकला. मग मला फोन.

“काऊन रे भाऊ, काय आणून देल्लं हे तुनं? कापसाले लागलं असतं त सारं घर गेलं असतं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसाच दुसरा सेल माझ्याकडे होता. किचनच्या काट्यावर ठेवला. २८ ग्रॅम. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. आत काय भरलं होतं देव जाणे. उघडून पाहिला नाही, तुम्हीही कधी उघडू नका.

आता नीट ऐका. सेलवर दोन आकडे महत्त्वाचे असतात आणि आपण एकच पाहतो.

एमएएच म्हणजे विहिरीत पाणी किती. अँपिअर म्हणजे पाईपातून एका वेळी किती पाणी सुखरूप निघेल. विहीर मोठी असली म्हणून अर्ध्या इंचाच्या पाईपातून पाच एचपीचा पंप चालतो का? नाही चालत. पाईपाचं तर फक्त फाटणं होईल, सेलमध्ये आग होते.

आणि दोन्ही एकदम जास्त मिळत नाहीत, कारण डबी तेवढीच आहे. करंट जास्त पाहिजे तर आतले थर पातळ ठेवावे लागतात, मग साठा कमी होतो. साठा वाढवायचा तर थर जाड होतात, मग करंट कमी. उदाहरणं घ्या. पॅनासोनिकचा एनसीआर१८६५०बी हा ३४०० एमएएचच्या आसपासचा, पण सतत पाच अँपिअरच्या जवळपासच देतो. सॅमसंगचा २५आर फक्त २५०० एमएएचचा, पण २० अँपिअर देतो. मोलिसेलचा पी२६ए २६०० एमएएच आणि ३५ अँपिअर. नामांकित कंपन्यांचे नेहमीचे १८६५० सेल साडेतीन हजाराच्या आसपास थांबतात. मग ९९०० कुठून आला? छापखान्यातून!

हिशोब सोपा आहे. उपकरणाचे वॉट घ्या, सेल उतरत आल्यावरच्या व्होल्टेजने, म्हणजे साधारण ३.२ ने भागा. दहा वॉटचा टॉर्च म्हणजे जेमतेम तीन अँपिअर. साठ वॉटचं व्हेप म्हणजे जवळपास १९ अँपिअर, तेही एकाच सेलमधून. म्हणजे मामाच्या टॉर्चमध्ये निवांत चालणारा पाच अँपिअरचा सेल तिथे चौपट ताणला जातो. काही व्हेपमध्ये तर सर्किटच नसतं, सेल आणि कॉइल थेट जोडलेले. थांबवणारं मध्ये कोणीच नाही.

आणखी एक गंमत. विकणारे बऱ्याचदा ‘पल्स’चा आकडा छापतात, म्हणजे काही सेकंदांसाठी निघणारा करंट. तुम्ही सतत निघणारा, कंटिन्युअस आकडा पाहा. तो कंपनीच्या डेटाशीटमध्ये असतो, सेलच्या रंगीत कागदावर नाही.

मग टॉर्चसाठी हाय-ड्रेन लागतो का? बहुतेक वेळा नाही. टॉर्चला प्रोटेक्शन सर्किटवाला सेल चांगला. जास्त करंट, जास्त चार्ज किंवा जास्त उतरणं झालं की तो स्वतःच तोडतो. फक्त सर्किटमुळे तो थोडा लांब असतो, तेव्हा आधी टॉर्चमध्ये बसतो का ते पाहा.

सुटा सेल घेणं मुळातच जोखमीचं आहे. हे सेल बॅटरी पॅकमध्ये बसवायला बनतात, सुटे ग्राहकाच्या हाती द्यायला नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ च्या जानेवारीत हाच इशारा दिला होता, की जुन्या पॅकमधून काढलेले सेल नवा कागद गुंडाळून विकले जातात. म्हणून होईल तिथे टॉर्च, सेल आणि चार्जर एकाच कंपनीचे घ्या, बिल घ्या. आपल्याकडे लिथियम सेलना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मानक आयएस १६०४६, आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनी खरी की खोटी ते कळतं. फोन हातातच आहे, दोन मिनिटांचं काम.

आता आपल्या वऱ्हाडासाठी खास गोष्ट. बहुतेक १८६५० सेलच्या डेटाशीटमध्ये चार्जिंगचं तापमान शून्य ते ४५ अंश दिलेलं असतं. आता सांगा, मे महिन्यात अकोल्यात दुपारी पारा किती असतो? सावलीतच ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या खोलीत, उभ्या गाडीत त्याहून जास्त. म्हणजे चार्जर लावायच्या आधीच आपण मर्यादेबाहेर! उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा. आपण जागे असताना, फरशीवर, आणि कापूस, गादी, कडबा यांच्यापासून दूर.

अजून चार गोष्टी पटकन. १८६५० चं अख्खं डबं म्हणजे निगेटिव्ह असतं, फक्त वरचं बटण पॉझिटिव्ह. मधलं इन्सुलेशन म्हणजे तो पातळ प्लास्टिकचा वेष्टण-कागद. तो फाटला तर सेल वापरू नका. खिशात किल्ल्या आणि चिल्लर यांच्यासोबत सुटा सेल ठेवू नका, मांडी भाजते. प्लास्टिकच्या डबीतच ठेवा. एकाच उपकरणात जुना आणि नवा सेल मिसळू नका. आणि अडीच व्होल्टच्या खाली उतरलेला सेल पुन्हा जिवंत करायचा प्रयत्न करू नका.

आग लागलीच तर आधी मेन स्विच बंद करा, धुरापासून दूर व्हा, तो विषारी असतो. लहान सेल असेल तर लांबून भरपूर पाणी मारा. आतली रासायनिक क्रिया उष्णता तयार करते आणि ती उष्णता क्रिया आणखी वाढवते. पाणी ती साखळी थंड करून तोडतं. मोठी आग असेल तर बाहेर पडा आणि १०१ लावा. संपलेला सेल घंटागाडीत टाकू नका, दोन्ही टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

तर भावा, तुझा प्रश्न होता, कोणता घेऊ? व्हेपसाठी कोणताच नाही. ते घरात तसंच पडलं असेल तर सेल बाहेर काढ, टोकांना टेप लाव आणि बाकीचं विसर. घरच्या टॉर्चसाठी घेणार असशील तर मोठा आकडा पाहू नको. वजन पाहा, अँपिअर पाहा, आर क्रमांक पाहा.

मामाकडे आता २६०० एमएएचचा प्रोटेक्शनवाला टॉर्च आहे. आकडा पाहून पहिल्यांदा त्याने तोंड वाकडं केलं. “एवढासाच?” म्हणे. परवा रातची पाळी होती. सकाळी फोन आला. “रातभर चालला बाप्पा.” कापूस अजून त्याच खोलीत आहे, भाव काही वाढला नाही. पण चार्जर आता ओसरीच्या फरशीवर असतो.

चला, पुढच्या रविवारी भेटू. हा एपिसोड घरी ज्यांच्या टॉर्चची चार्जिंग उशाशी चालते, त्यांना नक्की पाठवा. रामराम!