सुगौली ते कोतपर्व : हरलेल्या युद्धाची तीस वर्षे

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपण मराठीत ‘नवे पर्व सुरू झाले’ असे म्हणतो, तेव्हा मनात बहुधा शुभच असते. नेपाळच्या इतिहासात मात्र ‘पर्व’ म्हणजे राजवाड्यातली कत्तल. १८०६ साली भंडारखाल पर्व, १८४६ साली कोतपर्व, त्याच वर्षी पुन्हा एक भंडारखाल पर्व, आणि १८४७ चे अलौ पर्व. महाभारतातली युद्धाची पर्वे त्या इतिहासकारांच्या डोळ्यांसमोर असणार. पण महाभारतात युद्धाची पर्वे रणांगणावर घडतात. इथे रणांगणावरचे युद्ध १८१६ साली संपले, आणि पुढची तीन पर्वे घराच्या आत घडली. असे का झाले, एवढ्याच प्रश्नाभोवती मला आज बोलायचे आहे.

गोरखा हे मुळात डोंगरातले लहानसे राज्य. पृथ्वीनारायण शाह यांनी १७४४ मध्ये नुवाकोट घेतले, १७६८-६९ मध्ये काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही तिन्ही नेवार राज्ये जिंकली. १७७५ साली ते वारले, पण विस्तार थांबला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गोरख्यांची सत्ता पूर्वेला सिक्कीमपर्यंत आणि पश्चिमेला कुमाऊं-गढवाल ओलांडून सतलजपर्यंत पोचली होती. आपण इथे अटकेपारची भाषा करतो. त्यांचीही तशीच भाषा होती, फक्त पायांखाली पठाराऐवजी पहाड.

या विस्ताराचे पोट कशावर भरत होते, ते पाहिले पाहिजे. शिपायाला रोख पगार नव्हता. जमीन मिळे, जागीर. शिवाय दरवर्षी ‘पजनी’ होई. पजनी म्हणजे सगळ्या नेमणुकांची वार्षिक फेरतपासणी: कोणाची चाकरी चालू राहणार, कोणाची सुटणार. चाकरी सुटली की जागीरही गेली, आणि तो माणूस पुढच्या पजनीची वाट पाहत ‘ढाक्रे’ म्हणून बसे. यामुळे डोंगरातल्या खेड्याखेड्यांत लढायला शिकलेली, चाकरीची आस असलेली माणसे तयार होत गेली. नवा मुलूख जिंकला जात होता तोवर सर्वांना वाटायला जमीन होती. मराठी माणसाला हे हिशेब समजावून सांगायला नकोत. सरंजाम, चौथाई, मुलूखगिरी हे आपल्याच वहीतले शब्द आहेत.

१८१४ साली कंपनी सरकारशी तराईच्या सरहद्दीवरून युद्ध पेटले. देहरादूनजवळच्या नालापानीच्या गढीत बलभद्र कुंवर शे-सहाशे माणसांनिशी होते, त्यांत बायका-मुलेही होती. पहिल्याच मोठ्या हल्ल्यात इंग्रजांचा सेनापती गिलेस्पी मारला गेला. शेवटी गढीचे पाणी तोडले, तोफांनी भिंती पाडल्या, तेव्हा बलभद्र उरलेल्या सुमारे सत्तर जणांना घेऊन बाहेर पडले. इंग्रजांनी पुढे तिथे स्मारक उभारले, ते दोन्ही बाजूंचे. हेच बलभद्र नंतर लाहोरला रणजितसिंहांच्या फौजेत गेले आणि १८२३ साली नौशेराच्या लढाईत पडले. परक्या फौजेत चाकरी करणाऱ्याला नेपाळीत आजही ‘लाहुरे’ म्हणतात. तो लंडनला असो की सिंगापूरला, नाव लाहोरचेच. एका शब्दात केवढा इतिहास गोठून राहतो पाहा.

पश्चिमेची आघाडी बडाकाजी अमरसिंह थापा सांभाळत होते. (नेपाळातला काजी म्हणजे न्यायाधीश नव्हे, मंत्री किंवा सरदार. विद्यार्थ्यांनी इथे फसू नये.) त्यांनी मार्च १८१५ मध्ये दरबाराला लिहिलेले एक पत्र इंग्रजांच्या हाती पडले, म्हणूनच ते आपल्याला वाचायला मिळते. मुलूख देऊन तह करू नका, असा त्यांचा आग्रह आहे, आणि उदाहरणे आहेत ती हिंदुस्थानातली: भरतपूरने दिलेली झुंज आणि टिपूची गत. म्हणजे श्रीरंगपट्टणला काय घडले, त्याचा हिशेब सतलजकाठच्या डोंगरात बसलेला एक वृद्ध सेनापती करत होता. काठमांडूचे सर्वेसर्वा, मुख्तियार भीमसेन थापा हेही रणजितसिंह आणि मराठे यांच्याकडे आशेने पाहत होते. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांकडून मदत आली नाही. कोणाकडूनच आली नाही. मराठ्यांचे स्वतःचे शेवटचे युद्ध १८१७ मध्ये सुरू झाले, तोवर नेपाळचे संपले होते. तीन सत्ता एकाच शत्रूशी लढल्या, पण एकेकट्या.

सुगौलीचा तह ४ मार्च १८१६ रोजी पक्का झाला. पूर्वेला मेची, पश्चिमेला महाकाली, या दोन नद्यांमध्ये राज्य आवळले गेले. सुमारे तिसरा हिस्सा मुलूख गेला, काठमांडूत इंग्रज रेसिडेंट येऊन बसला. तहातले एक कलम मला विशेष बोलके वाटते. ज्या भारदारांच्या जमिनी गेल्या, त्यांना कंपनीने वर्षाला दोन लाख रुपये द्यावेत, असे ते कलम होते. दरबारातली माणसे परक्याच्या पगारपत्रकावर! काठमांडूला हे परवडणारे नव्हते. वर्ष संपण्याआधीच त्या रकमेच्या बदल्यात तराईचा काही भाग परत मिळाला आणि कलम निकालात निघाले.

पण खरे दुखणे तिथे नव्हते. मुलूख कमी झाला, फौज मात्र कमी झाली नाही. भीमसेन थापांनी ती राखली, वाढवली, कवायत शिकवली. त्यांची सत्ताच तिच्यावर उभी होती. आता तिन्ही बाजूंना कंपनीचे राज्य आणि उत्तरेला बर्फ. जिंकायला जागा नाही, वाटायला नवी जमीन नाही, आणि पजनी तर दरवर्षी ठरलेली. ब्रायन हॉजसन हा रेसिडेंट १८३० च्या दशकात वरचेवर हीच काळजी लिहीत होता की या रिकाम्या फौजेचे काय करायचे. त्यांना आपल्याच सैन्यात घ्या, असेही तो सुचवत होता. आता भारदारांपुढे एकच मार्ग उरला. नवी जागीर हवी तर ती दुसऱ्या भारदाराच्या हातून काढून घ्यायची. फौज ज्याच्या हाती, पजनी त्याच्या हाती.

१८३७ मध्ये भीमसेन पडले आणि १८३९ मध्ये कैदेत त्यांनी स्वतःला संपवले. त्यांचे पुतणे माथवरसिंह पंतप्रधान झाले. १८४५ मध्ये राजवाड्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा त्यांचाच भाचा, जंगबहादूर कुंवर.

१४ सप्टेंबर १८४६ च्या रात्री धाकट्या राणीचा, राज्यलक्ष्मीदेवीचा, विश्वासू गगनसिंह घरात मारला गेला. राणी संतापून कोतात आली. कोत म्हणजे शस्त्रागार, तिथेच दरबारही भरे. सगळ्या भारदारांना रातोरात बोलावणे गेले. बहुतेक जण जसे होते तसे धावत आले. जंगबहादूर आले ते भाऊ आणि तीन पलटणी घेऊन. राणीला वीरकेशर पांडे याचा संशय होता. तिने अभिमानसिंहाला त्याचे डोके उडवायला सांगितले. अभिमानसिंहाने राजाकडे पाहिले. राजा राजेंद्र म्हणाले, चौकशीशिवाय नाही. आणि घोड्यावर बसून निघून गेले. त्या एका क्षणात राज्याची सगळी अवस्था दिसते: हुकूम देणारी राणी, निर्णय टाळणारा राजा, आणि दारावर पहारा तिसऱ्याचाच. अभिमानसिंह आपल्या शिपायांकडे जाऊ लागला तेव्हा त्याला दारातच मारले. मग तलवारी निघाल्या. सकाळपर्यंत पंतप्रधान फत्तेजंग शाह यांच्यासह तीस-चाळीस भारदार पडले होते आणि जंगबहादूर पंतप्रधान झाले होते. मेलेल्यांची घरेदारे जप्त झाली, कुटुंबे देशोधडीला लागली. तीस वर्षांत प्रथमच वाटायला पुरेशी जमीन हाती आली होती.

सहा आठवड्यांनी राणीने जंगबहादूरना मारण्याचा कट केला. तो फसला आणि ती काशीला हद्दपार झाली. राजाही गेला, परत येऊ पाहताना १८४७ मध्ये अलौ येथे पकडला गेला. गादीवर सुरेंद्र बसले. १८५६ च्या लालमोहरेने जंगबहादूर कास्की-लमजुंगचे महाराज झाले. राजा ‘श्री पाँच’, राणा ‘श्री तीन’. दोन श्री कमी, पण सत्ता सगळी. ही व्यवस्था १९५१ पर्यंत टिकली.

इथे आपल्या तोंडी चटकन तुलना येते: सातारा आणि पुणे. छत्रपती गादीवर, कारभार पेशव्यांचा. तुलना काही अंतरापर्यंत खरी आहे, पुढे ती दिशाभूल करते. पेशवाई मोहिमांवर वाढली; बाजीरावांनी सत्ता मिळवली ती घोड्यावरून. राणांची सत्ता मोहिमा बंद पडल्या म्हणून जन्मली आणि इंग्रजांशी युद्ध न करण्याच्या निश्चयावर जगली. पेशव्यांचे छत्रपतींशी शरीरसंबंध शक्यच नव्हते. राणांनी राजकन्या सुना करून आणल्या. वारसा मात्र मुलाकडे नाही तर भावाकडे जाई, आणि त्यातून नवे खून झाले. १८८५ मध्ये रणोद्दीपसिंहांना पुतण्यांनी मारले. त्या पुतण्यांतले खड्गशमशेर पुढे हद्दपार होऊन सागरला राहिले. राजमाता विजयाराजे शिंदे यांचे ते आजोळ, हे ग्वाल्हेरकर जाणतातच.

कोतपर्वातून आलेल्या माणसाची परीक्षा १८५७ मध्ये झाली. जंगबहादूर स्वतः फौज घेऊन इंग्रजांच्या बाजूने लखनौवर गेले. बक्षीस म्हणून १८६० मध्ये बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर परत मिळाले. सुगौलीत गेलेल्या जमिनीचा हा तुकडा. नेपाळीत त्याला ‘नया मुलुक’ म्हणतात. अमरसिंहांच्या पत्राने जे राखायचे म्हटले होते, त्यातले थोडेसे असे, उलट्या बाजूने लढून, परत आले. त्याच सुमारास हरलेले बंडवाले तराईत शिरत होते. १८५९ च्या आरंभी नानासाहेब पेशवे तिथे होते. पेशवे घराण्यातल्या स्त्रियांना काठमांडूत आसरा मिळाला, लखनौच्या बेगम हजरत महल यांनाही. इंग्रजांबरोबर ज्यांनी लखनौ घेतले, त्यांच्याच राजधानीत बेगम वीस वर्षे राहिल्या. १८७७ मध्ये जंगबहादूर वारले, १८७९ मध्ये बेगम. त्यांची कबर काठमांडूतच आहे.