थंडी, कांद्याचा वाफा आणि टाचेची भेग

या वेळेला कुणी भाकरी थापत असाल, कुणी दळण निवडत असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आपण थंडीत उलणाऱ्या कातडीबद्दल बोलू.

निफाडचा पारा उतरला की त्याची बातमी होते. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, घडांची काळजी सुरू होते. त्याच पहाटे उन्हाळ कांद्याच्या लावणीला निघालेल्या बायकांच्या पायांची बातमी मात्र कुठे येत नाही. वाफ्यात पाणी सोडलेलं, पाय गार चिखलात, कंबर वाकलेली आणि बोटं रोपं खोचतायत. संध्याकाळी टाच चुरचुरते, अंथरुणात भेगेला गोधडीचा दोरा अडकतो. आणि आपण म्हणतो, “चालायचंच, थंडी गेली की भरतील भेगा.” आमचं म्हणणं एवढंच आहे, की भेग हा दिसण्याचा प्रश्न नाही. भेग म्हणजे अंगाचं उघडं राहिलेलं दार आहे. चिखल, शेण, जंतू सगळं तिथून आत जातं. धनुर्वाताचे जंतूही मातीत आणि शेणातच असतात.

आता कातडी उलते का, ते बघू. आपल्या कातडीच्या वरच्या थरात थोडं पाणी असतं आणि ते धरून ठेवायला अंगचं तेल असतं. थंडीतली हवा कोरडी असते, ती हे पाणी ओढून घेते. त्यात आपण कढत पाण्याने आंघोळ करतो, साबण चोळचोळून लावतो. तेल धुऊन गेलं की पाणी राहणार कशात? कपडे धुवायची पावडर आणि भांड्यांचा साबण हातांचं तेच करतात.

म्हणून पहिली गोष्ट, आंघोळीचं पाणी कढत नको, कोमट घ्या. ती लवकर उरका. साबण काखा, जांघा, पाय आणि जिथे मळ बसतो तिथे लावा. हातापायांवर रोज लागत नाही. आणि अंग खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत तेल लावा. पुष्कळ जणी अंग खडखडीत वाळल्यावर तेल लावतात आणि म्हणतात, गुण येत नाही. तेलाचं काम पाणी कोंडून ठेवायचं आहे. आत पाणीच नसेल तर ते कोंडणार काय?

तेल कोणतं? घरातलं खोबरेल चालेल. ते 24 अंशांच्या आसपास गोठतं, तेव्हा बाटली घटकाभर कोमट पाण्यात ठेवा. कोकणात टाचांना कोकमाचं तेल लावतात, तेही चांगलं. मिळालं तर पेट्रोलियम जेली घ्या, वासाची नको, साधीच. ती पाण्याने चटकन धुऊन जात नाही. म्हणून लावणीला निघताना टाचांना आणि हातांच्या पाठीला तिचा थर द्या.

शेतातून आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. बेचकीत तेल किंवा जेली लावायची नाही, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. रात्री दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात बुडवा. मऊ झालेली टाच वजरीने हलकेच घासा, टिपा, जेली लावा आणि जुने सुती मोजे घालून झोपा. चार-आठ दिवस नेमाने केलंत तर फरक दिसेल. टाच फार जाड झाली असेल तर औषधाच्या दुकानात युरिया असलेलं मलम मिळतं, ते लावा. पण रक्त येणाऱ्या भेगेवर नको, झोंबतं. ब्लेडने कातडी कापू नका. वितळलेलं गरम मेण भेगेत ओतू नका, चटका बसून जखम वाढते.

साखरेचा आजार असलेल्या मावशींनो, तुमच्यासाठी नियम वेगळा. पाय बुडवून बसायचं नाही, वजरी लावायची नाही, शेकोटीजवळ पाय न्यायचे नाहीत. पायाला जाणीव कमी असते, भाजलेलं कळत नाही. रोज रात्री तळवे बघा, वाकवत नसेल तर सुनेला, नातवाला बघायला सांगा. भेगेतून रक्त आलं, पू आला, पाय सुजला तर दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा.

आता चेहऱ्याचं. थंडीत गाल काळवंडतात, मग शेजारीण सांगते ती ट्यूब दुकानातून येते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून आपण लावतच राहतो. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं नाव आहे का, ते लेकीकडून वाचून घ्या. ही औषधं वाईट नाहीत, पण ती डॉक्टरांनी सांगितलेल्या रोगावर, सांगितले तेवढेच दिवस लावायची. महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, पुरळ येतं, चेहऱ्यावर केस वाढतात आणि बंद केलं की आग होते. आधीच लावत असाल तर घाबरू नका, डॉक्टरांना ट्यूब दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने सोडा.

शेवटी दोन खुणा लक्षात ठेवा, कारण थंडीत त्या कोरडेपणात लपून जातात. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या आहेत आणि घरात दोघा-तिघांना तसंच होतंय, तर ती खरूज असू शकते. तेलाने ती जात नाही. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं. दुसरी खूण, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो खाजत नाही, तिथे घाम येत नाही आणि स्पर्श कळत नाही. असा चट्टा आशाताईंना दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, 6 किंवा 12 महिने घेतलं की रोग बरा होतो. लपवला तर नसा जातात, बोटं वाकडी होतात. लाज धरण्यासारखं त्यात काही नाही.

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांचं आवरून झालं की आपण दिवा मालवतो. आजपासून त्याआधी दहा मिनिटं आपल्या पायांना द्या. कुणी हसलं तर सांगा, याच पायांवर उद्याची लावणी उभी आहे. येतो आम्ही, नमस्कार.