भरतीचा एक तास चुकला तेव्हा

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा फिरण्याचा आहे आणि थोडा माझ्या फजितीचा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, सध्या सिअ‍ॅटलला राहतो. मूळ गाव आंजर्ले, तालुका दापोली. म्हणजे समुद्र आपल्याला कळतो, असा माझा समज होता. तो समज एका रात्रीत कसा उतरला, ते सांगतो.

सिअ‍ॅटलहून गाडीने साधारण चार तासांवर ऑलिम्पिक नॅशनल पार्क आहे. १९३८ साली स्थापन झालेलं. आत बर्फाचे डोंगर आहेत, पावसाचं घनदाट जंगल आहे आणि पॅसिफिक महासागराचा शंभर किलोमीटरहून लांब किनारा आहे. या किनाऱ्याच्या बहुतेक भागात हॉटेल नाही, शॅक नाही, नारळपाणीवाला नाही. जंगल थेट वाळूपर्यंत येतं. नदीतून वाहत आलेले, वादळात पडलेले भलेमोठे ओंडके किनाऱ्याच्या वरच्या बाजूला रांगेने पडलेले असतात. तंबू ठोकून राहता येतं, पण आधी परमिट काढावं लागतं. खाण्याचं सगळं सामान टणक डब्यात बंद करून ठेवणं सक्तीचं आहे, कारण अस्वलं आणि रॅकून वास काढत येतात.

गेल्या जूनमध्ये मी आणि माझा नागपूरचा रूममेट तिथल्या थर्ड बीचला गेलो. रस्त्यापासून किनारा दोनेक किलोमीटर, सगळी वाट जंगलातून. स्प्रूस आणि हेमलॉकची उंच झाडं, फांद्यांवर शेवाळ, पायाखाली ओली माती. ओढ्यांचं पाणी चहासारखं तांबूस दिसतं, कुजणाऱ्या पानांमुळे. गाळून, शुद्ध करूनच प्यायचं.

आता मुद्द्याचं. या किनाऱ्यावर हायकिंग म्हणजे भरती-ओहोटीचा हिशोब. वाळूत मध्येच समुद्रात घुसलेले कडे आहेत. काही कड्यांना फक्त ओहोटीत वळसा घालता येतो, काहींना कधीच नाही. तिथे दोर धरून जंगलातून वर चढायचं. त्या वाटेच्या तोंडाशी झाडावर लाल-काळी गोल पाटी असते. वेळ चुकली तर तुम्ही कडा आणि पाणी यांच्यामध्ये अडकता. म्हणून सगळे भरतीचा तक्ता सोबत ठेवतात. मीही प्रिंट काढून घेतली होती.

शिवाय माझ्याकडे आजोबांचा फॉर्म्युला होता. कोकणातल्यांना माहीत असेल: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा वाजता. पौर्णिमा असेल तर पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण बारा-साडेबारा तासांनी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, त्याच्या मागे भरतीही सरकते. कागद नाही, नेटवर्क नाही, तरी चालतं.

आम्ही गेलो ती नेमकी पौर्णिमा. फॉर्म्युला म्हणाला रात्री सव्वाअकरा, तक्ता म्हणाला बारा वाजून पाच. जवळपास जुळलं! मी खूश. मित्राला छोटंसं लेक्चरपण दिलं.

संध्याकाळी पाचला पोचलो. दुपारच्या भरतीची ओली रेषा वाळूवर दिसत होती. तिच्यापासून चांगली पंधरा-वीस पावलं वर, ओंडक्यांच्या अलीकडे, सपाट जागा बघून तंबू लावला. मॅगी केली, सूर्यास्त पाहिला, झोपलो.

सव्वाबाराला जाग आली ती आवाजाने. लाटांचा आवाज एकदम जवळ. चेन उघडली तर पाणी तंबूपासून दहा पावलांवर. मी घड्याळ बघितलं आणि आत्मविश्वासाने म्हणालो, “टेन्शन नको, बारा-पाचला भरती होऊन गेली. आता उतरेल.”

मित्र काही बोलला नाही. बाहेर गेला, एक काठी घेतली आणि पाणी जिथवर येत होतं तिथे वाळूत रोवली. दहा मिनिटांनी ओरडला, “काय बे, हे पाणी उतरून राहिलं म्हणतो तू? काठी बुडून राहिली ना!”

खरंच बुडत होती.

मग जी पळापळ झाली! तंबू तसाच उचलला, सामान आतच. ओंडके अजून कोरडे होते म्हणून त्यांच्यावरून पलीकडे जाता आलं. हे महत्त्वाचं आहे: पाणी पोचल्यावर तेच ओंडके तरंगतात, लोळतात आणि माणसाला चिरडू शकतात. अजून अर्धा तास झोपलो असतो तर त्या वाटेने जाता आलं नसतं. जंगलाच्या कडेला उभं राहून बघितलं, एकच्या सुमाराला आमची जागा पाण्याखाली होती. माझा एक बूट गेला. चांदणं मात्र सुंदर होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

टॉर्च लावून तक्ता परत वाचला. खाली बारीक अक्षरात: स्टँडर्ड टाइम. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. तक्ता जुन्या वेळेत, माझं घड्याळ नव्या वेळेत. म्हणजे भरती बारा-पाचला नाही, एक-पाचला. आणि मंडळी, ऑफिसमध्ये मी याच टाइमझोनच्या गडबडी दुरुस्त करतो! त्याचाच पगार घेतो!

दुसरी चूक त्याहून मोठी. कोकणात दिवसाच्या दोन भरत्या बऱ्यापैकी सारख्या असतात, असं मी धरून चाललो होतो. पॅसिफिकच्या या किनाऱ्यावर एक भरती मोठी, एक लहान. जूनमध्ये पौर्णिमेला दुपारची लहान आणि मध्यरात्रीची मोठी. मी लहान भरतीची रेषा बघून तंबू लावला होता. खरी खूण होती वर ओंडक्यांपाशी, वाळलेल्या शेवाळाची ओळ. ती मला दिसली होती. मी तिचा फोटोही काढला होता!

तेव्हा कुठल्याही किनाऱ्यावर कॅम्पिंगला गेलात, अगदी आपल्या कोकणातसुद्धा, तर एवढं करा. तक्ता त्याच ठिकाणचा आहे का आणि कुठल्या वेळेत आहे ते बघा. दोन्ही भरत्यांची उंची वाचा, नुसती वेळ नको. तंबू वाळलेल्या शेवाळाच्या ओळीच्या वर लावा. अंधार पडायच्या आत, वर पळायची वाट पायांनी चालून बघा. आणि शंका आली की काठी रोवा.

रविवारी आजोबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, “अरे, तो हिशोब आपल्या समुद्राचा. तिकडचा समुद्र मी कधी पाहिलाय? तू विचारायचंस तरी.” मग थांबून म्हणाले, “काठी रोवली कोणी?”

“मित्राने.”

“कुठला तो?”

“नागपूरचा, आजोबा.”

इतके हसले की आजीने फोन काढून घेतला.

चला, आज इतकंच. तुमची अशी एखादी फजिती असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. काळजी घ्या, भेटूच!